फॉर्मंटचे लाल ठिपके उड्या मारतात: दोष नेमका कुठे शोधायचा

बोलीचं रेकॉर्डिंग करून स्वर मोजणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण येते, आणि एका आवाजापुरती सुटली तरी पुढच्या आवाजाला पुन्हा हजर होते. प्राट या आवाजाचं विश्लेषण करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली, स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा आहे ते दाखवणारं चित्र) दिसला, फॉर्मंट (घसा-तोंडाच्या पोकळीचे अनुनाद, ज्यांवरून स्वर ओळखू येतो) चालू केले की लाल ठिपक्यांच्या रेघा सलग जायच्या सोडून मध्येच वर उडतात, तुटतात, नाहीतर दोन रेघांच्या जागी एकच उरते. ‘आ’ व्यवस्थित येतो, पण ‘ऊ’ आणि ‘ओ’ला गोंधळ. पुरुषाचा आवाज जमतो, बाईचा किंवा मुलाचा फसतो. ते आकडे तसेच तक्त्यात भरले तर ‘ऊ’चा दुसरा फॉर्मंट ८५० हर्ट्झऐवजी अडीच-तीन हजार लागतो, आणि आलेखावर ‘ऊ’ थेट ‘ई’च्या शेजारी जाऊन बसतो.

नाशिक जिल्ह्यात हे काम करायला मोठा वाव आहे. मालेगाव, सटाणा, देवळा भागातली अहिराणी, सुरगाणा-पेठ पट्ट्यातली कोकणा, शहरात शेजारी शेजारी ऐकू येणारे निरनिराळे ‘ळ’. ज्या आजी-आजोबांचा आवाज आज टिपला जातोय तो पुन्हा मिळेलच असं नाही. म्हणून चुकीचे आकडे छापले जाण्याआधी दोष कुठे आहे हे शोधायची सवय लागली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी ठिपके बंद करा. स्पेक्ट्रोग्रामवरचे काळे पट्टे हे आवाजातल्या ऊर्जेचं चित्र आहे. लाल ठिपके म्हणजे त्या आवाजावर बसवलेल्या एका गणिती प्रतिमानाचा अंदाज. हे प्रतिमान काही गोष्टी गृहीत धरतं आणि गृहीतक चुकलं तरी काहीतरी उत्तर देतंच. तेव्हा नुसत्या काळ्या पट्ट्यांकडे बघा. डोळ्यांना पट्टे स्वच्छ दिसताहेत आणि ठिपके त्यांच्यावर बसत नाहीत, तर दोष सेटिंगमध्ये आहे. तो घरबसल्या सुटतो. पट्टेच धूसर आहेत, वरचा भाग कोरा आहे, सगळीकडे करडा थर आहे, तर दोष रेकॉर्डिंगमध्ये आहे आणि कोणतंही सेटिंग तो पूर्णपणे भरून काढणार नाही. ही विभागणी न करता सेटिंगचे आकडे बदलत बसण्यात लोकांचे दिवसच्या दिवस जातात.

पट्टे चांगले, ठिपके चुकीचे

बहुतेक वेळा मूळ एकाच जागी असतं: फॉर्मंट सीलिंग, म्हणजे किती हर्ट्झपर्यंत फॉर्मंट शोधायचे ती वरची मर्यादा. ती का महत्त्वाची, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं.

घशापासून ओठापर्यंतची पोकळी ही एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी नळी धरली, तर तिचे अनुनाद तिच्या लांबीवर ठरतात. प्रौढ पुरुषाची ही लांबी साधारण साडेसतरा सेंटिमीटर. त्यातून अनुनाद येतात ५००, १५००, २५००, ३५००, ४५०० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे ५००० हर्ट्झखाली पाच फॉर्मंट. स्त्रियांची पोकळी आखूड, म्हणून तेच पाच फॉर्मंट थोडे पसरून ५५०० पर्यंत जातात. लहान मुलांत आणखी पसरतात. प्राट पाच फॉर्मंट शोधतं आणि सीलिंग ५५०० धरतं, म्हणजे मुळातली मांडणी सरासरी स्त्रीच्या आवाजाची आहे. पुरुषासाठी ५०००, लहान मुलासाठी ८००० ठेवा, असं प्राटची माहितीपुस्तिकाच सांगते. पुष्कळ जण ते वाचतच नाहीत आणि सगळ्या गावाची रेकॉर्डिंग एकाच सेटिंगवर चालवतात.

सीलिंग चुकलं की काय होतं? पुरुषाच्या आवाजाला ते फार वर ठेवलं, तर त्या पट्ट्यात खरे फॉर्मंट पाचाहून जास्त असतात. पाचच शोधायचे म्हटल्यावर जवळजवळचे दोन एकात मिसळतात. ‘ऊ’ आणि ‘ओ’मध्ये पहिला आणि दुसरा फॉर्मंट एकमेकांना चिकटूनच असतात, त्यामुळे पहिला बळी त्यांचा. उलट, स्त्रीच्या आवाजाला सीलिंग फार खाली ठेवलं तर पाच फॉर्मंट तिथे नसतातच. मग एक खोटा फॉर्मंट तयार होतो, बहुतेकदा दोन खऱ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत.

एक शब्द घेऊन बघू. कळवणकडच्या एखाद्या मावशीनं ‘गूळ’ म्हटलं. ‘ग’चा बंद भाग संपला की ‘ऊ’ सुरू होतो आणि तळाशी दोन काळे पट्टे दिसतात, समजा ४०० आणि ८५०च्या आसपास. त्यांच्यावर मोठी पांढरी जागा, मग २८००च्या सुमारास तिसरा पट्टा. सीलिंग ५५०० ठेवलं तर ठिपके या तिन्ही पट्ट्यांवर बसायला हवेत. ते ४५००वर आणलं की मधल्या पांढऱ्या जागेत, १७०० वगैरेला, ठिपक्यांची एक विस्कटलेली ओळ उगवते. तिथे खाली काळं काहीच नाही, हे डोळ्यांना दिसतं. सीलिंग ६५००वर नेलं की तळाचे दोन पट्टे सोडून मधोमध, सहाशेच्या आसपास, एकच रेघ जाते आणि २८००चा पट्टा ‘दुसरा फॉर्मंट’ म्हणून नोंदला जातो. तक्त्यात ‘ऊ’ उडी मारून ‘ई’कडे जातो तो असा.

याच शब्दाच्या शेवटाकडे आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ‘ळ’ जवळ येतो तसा तिसरा पट्टा खाली वळतो. जीभ मागे वळवून उच्चारल्या जाणाऱ्या मूर्धन्य ध्वनींची ही ओळखीची खूण आहे; ‘ट’, ‘ड’, ‘ण’ यांच्या शेजारीही ती दिसते. तिथे ठिपके थरथरतात, आणि ते दुरुस्त करायच्या नादात काही जण सीलिंग पुन्हा बदलतात. तसं करू नका. तो भाग स्वराचा राहिलेलाच नाही. स्वराचं माप मधल्या स्थिर भागातून घ्या, आणि ‘ळ’चा अभ्यास करायचा असेल तर ते वळण डोळ्यांनी पाहून, कर्सर पट्ट्याच्या मध्यावर ठेवून हातानं वाचा.

शंका असेल तिथे स्वराच्या मध्यावर कर्सर ठेवून स्पेक्ट्रल स्लाइस काढा. त्या क्षणाचा आडवा छेद मिळतो आणि डोंगर कुठे आहेत ते स्वतंत्रपणे दिसतं. ठिपके आणि छेद जुळत असतील तर आकडा घ्या. नसतील तर सीलिंग शंभर-दोनशेनं हलवून बघा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला: सीलिंग किंवा फॉर्मंटची संख्या. दोन्ही एकदम बदलली की कशामुळे सुधारलं ते कळत नाही. आणि एका माणसासाठी ठरवलेलं सीलिंग त्याच्या सगळ्या शब्दांना लावा. प्रत्येक शब्दाला मनासारखा आकडा येईपर्यंत सेटिंग हलवणं म्हणजे मोजणं राहिलं नाही, हवं ते उत्तर काढून घेणं झालं.

मुलांचा आणि उंच पट्टीतला आवाज

इथे सीलिंग बरोबर असूनही ठिपके फसतात, आणि कारण वेगळं आहे. स्वरतंतूंचा आवाज हा मूळ पिच (स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात तो आकडा) आणि त्याच्या पटीतले हार्मोनिक यांचा बनलेला असतो. पुरुषाचा पिच १२० असेल तर हार्मोनिक १२०, २४०, ३६० असे दाट असतात. पोकळीचा अनुनाद कुठेही असला तरी जवळपास एखादा हार्मोनिक सापडतो. सहा वर्षांच्या मुलीचा पिच ३०० असेल तर हार्मोनिक ३००, ६००, ९०० इतके विरळ. अनुनाद ४५०ला असला तर तिथे आवाजच नाही. प्रतिमान मग जवळच्या हार्मोनिकला फॉर्मंट समजून बसतं. पिच हलला की ठिपके सोबत हलतात.

ओळखायची खूण सोपी आहे. तोच स्वर धरून ठेवून पिच वर-खाली करायला सांगा. पट्टे पिचबरोबर सरकले तर ते हार्मोनिक, जागेवर राहिले तर फॉर्मंट. मोठ्या माणसाला सांगता येतं, “आजी, तोच ‘ओ’ जरा खालच्या आवाजात म्हणा,” आणि बरंचसं काम होतं. लहान मुलांना कुजबुजायला सांगणं जास्त जमतं. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, म्हणून हार्मोनिक नसतात आणि पोकळीचे अनुनाद एकसलग दिसतात. पण कुजबुजीत पहिला फॉर्मंट थोडा वर सरकतो, तेव्हा त्यावरून पट्टे किती आणि साधारण कुठे एवढंच ठरवा, अंतिम आकडा घेऊ नका.

चित्रातही याचा त्रास होतो, आणि तो विंडोच्या, म्हणजे एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा तपासला जातो त्याच्या, लांबीशी जोडलेला आहे. प्राटमध्ये नेहमीची विंडो ५ मिलिसेकंदांची, तिची बँडविड्थ, म्हणजे वारंवारतेतला किती बारीक फरक दिसतो ते, साधारण २६० हर्ट्झ. ३० मिलिसेकंद केली तर ४३ हर्ट्झ. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनं १९४०च्या दशकात जाहीर केलेल्या साउंड स्पेक्ट्रोग्राफ यंत्रातही ३०० आणि ४५ हर्ट्झचे दोन फिल्टर होते, त्यातलाच हा वारसा आहे. रुंद फिल्टर फॉर्मंट दाखवतो, अरुंद फिल्टर हार्मोनिक वेगळे करून दाखवतो. पिच २६०च्या वर गेला की ५ मिलिसेकंदांची विंडोसुद्धा हार्मोनिक वेगळे करायला लागते, आणि ज्याला तुम्ही फॉर्मंटचा पट्टा म्हणताय तो हार्मोनिक निघतो. मुलांसाठी विंडो ३ मिलिसेकंद करून बघा. पट्टे जाड होतात, पण खरे होतात.

पट्टेच धड नाहीत

आता रेकॉर्डिंगकडे. पहिली तपासणी अशी: स्पेक्ट्रोग्रामची दिसण्याची मर्यादा ५००० वरून १०,००० किंवा त्याहून वर न्या. प्राट सुरुवातीला ५००० पर्यंतच दाखवतं, त्यामुळे वर काय गहाळ आहे हे कळतच नाही. ३४०० किंवा ४००० हर्ट्झला सुरीनं कापल्यासारखी आडवी रेघ दिसली आणि वर सगळं कोरं, तर ते फोनच्या कॉलचं रेकॉर्डिंग आहे. साध्या टेलिफोन मार्गावर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जातं. ती फाइल नंतर कोणी ४४,१०० सॅम्पलिंगच्या (सेकंदाला ४४,१०० नमुने) वेव्ह फाइलमध्ये बदलली तरी गेलेलं परत येत नाही. फाइल मोठी होते इतकंच.

मराठीसाठी हे नुकसान फार मोठं आहे. ‘स’ची मुख्य ऊर्जा ४०००च्या वर असते, ‘श’ची अडीच-तीन हजारांपासून सुरू होते. ‘चोर’मधला दंततालव्य ‘च’ आणि ‘चहा’मधला तालव्य ‘च’ यांचा फरकही बराचसा त्याच भागात आहे. अहिराणीत किंवा कोकणा बोलीत हे दोन ‘च’ कुठे वेगळे राहतात आणि कुठे एक होतात हा चांगला विषय आहे, पण फोनवरून घेतलेल्या मुलाखतींवर तो करता येणार नाही. स्वरांचं काम मात्र काही प्रमाणात निभतं. अशा फाइलला ५५००चं सीलिंग देऊ नका. वरच्या कोऱ्या भागाच्या कड्यावरच प्रतिमान आपले फॉर्मंट खर्च करतं. पुरुषासाठी ४००० आणि चार फॉर्मंट, स्त्रीसाठी ४००० आणि साडेतीन, असं करून बघा. प्राट अर्धा आकडा घेतं. ‘ई’ आणि ‘ऊ’चा पहिला फॉर्मंट ३००च्या आसपास, म्हणजे नेमका फोनच्या खालच्या कडेवर असतो. तो वर सरकलेला दिसतो, म्हणून फोनवरचा ‘ई’ आणि समोरासमोरचा ‘ई’ एकाच आलेखावर टाकू नका.

मोबाइलवर समोर बसून रेकॉर्ड केलं तरी एक अडचण उरते. बऱ्याच रेकॉर्डर ॲपमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय आपोआप चालू असते. ती पंख्याबरोबर श्वासाचा, ‘ह’चा, ‘घ-ध-भ’मधल्या महाप्राणाचा आवाजही खाते. दोन शब्दांमधली शांतता चित्रात संपूर्ण पांढरी, अगदी पुसल्यासारखी दिसली तर संशय घ्या. खऱ्या खोलीत थोडा तरी करडा थर असतोच. ती सोय बंद करता येईल असंच ॲप वापरा, वेव्हमध्ये, ४४,१०० वर, मोनो. आणि फाइल मेसेजच्या ॲपमधून व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती वाटेत दाबली जात नाही.

घरघर हा आपल्याकडचा कायमचा सोबती. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे ५०, १००, १५० अशा ओळीत बारीक आडव्या रेघा दिसतात. लॅपटॉप चार्जरला लावून रेकॉर्ड केलं की हे हमखास येतं. चार्जर काढा, बॅटरीवर करा. बहुतेकदा जागेवरच फरक पडतो. लाइट गेलेली असताना इन्व्हर्टरवर काम चालू असेल आणि तो चौकोनी लाट देणारा स्वस्तातला असेल, तर १५०, २५०, ३५० अशा विषम पटीतल्या रेघा आणखी ठळक होतात, आणि त्या नेमक्या पहिल्या फॉर्मंटच्या प्रदेशात येतात. शांततेत पिचची निळी रेघ १००च्या आसपास सपाट धावत असेल तर ती माणसाची नाही, विजेची आहे. ७० हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर लावून समाधान मानू नका. ५० जातात, १०० आणि १५० तिथेच राहतात.

जागेचंही बघावं लागतं. जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या वाड्यांत दगडी भिंती आणि फरशी असेल तर आवाज घुमतो. ‘पाटी’ म्हणताना ‘ट’च्या आधी जी पांढरी फट दिसायला हवी, तिच्यात आधीच्या ‘आ’चं शेपूट घुसतं. फट करडी झाली की ‘ट’ आणि ‘ठ’मधला फरक मोजणं बेभरवशाचं. मागे आणि बाजूंना गोधड्या टांगा, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला ठेवा. एवढ्यानं जे साधतं ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरनं साधत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांलगत एकसुरी घरघर असते, ओझरकडे विमानांचा आवाज, नाशिक रोडला गाड्या. विमान जाईपर्यंत थांबा. वेळ जातो, पण समोरच्या माणसानं दिलेला वेळ त्याहून मोलाचा आहे.

लाटेची टोकं वर-खाली सपाट कापलेली दिसली तर आवाज फुटलाय. त्यातून खोटे हार्मोनिक वरपर्यंत पसरतात आणि ठिपके कुठेही जातात. याला इलाज नाही, पुन्हा रेकॉर्ड करा. लेव्हल अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील.

काहीच बिघडलेलं नसताना

काही वेळा दोष नसतोच. दहा सेकंदांहून लांब भाग पडद्यावर असेल तर प्राट विश्लेषण दाखवत नाही, झूम करा. पडद्यावरच्या भागात खोकला किंवा दाराचा धडाका आला असेल तर बाकी सगळं फिकं पडतं, कारण छटा त्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या मानानं ठरते. तो भाग पडद्याबाहेर सरकवा. गोंगाटामुळे सगळंच काळं दिसत असेल तर डायनॅमिक रेंज (सर्वांत मोठ्या आवाजाच्या किती डेसिबल खालपर्यंतचं दाखवायचं ते) ७० वरून ५० किंवा ४० करा. स्टिरिओ फाइलचा एक चॅनल रिकामा असेल तर चांगला चॅनल वेगळा काढून त्यावरच काम करा.

नासिक्य स्वरांचा प्रश्न मात्र खरा आहे. ‘मान’, ‘नाना’, ‘आंबा’ अशा शब्दांत नाकाची पोकळी जोडली जाते. अडीचशे-तीनशेच्या आसपास एक जास्तीचा पट्टा येतो, आणि काही वारंवारता उलट गिळल्या जातात. प्रतिमानात गिळण्याची सोयच नाही. ते फक्त डोंगर ओळखतं, दऱ्या नाही. म्हणून पहिल्या फॉर्मंटचा आकडा इथे कधीच विश्वासाचा नसतो, सीलिंग काहीही ठेवा. स्वर मोजायचे असतील तर शब्दांची यादीच अशी करा की शेजारी नासिक्य नसेल: ‘मान’ऐवजी ‘पाट’, ‘नीट’ऐवजी ‘पीठ’. हाच सल्ला ‘म्ह’, ‘न्ह’, ‘व्ह’ आणि ‘घ-ध-भ’च्या लगेच पुढच्या स्वराला लागू. त्या स्वराचा पहिला तुकडा श्वासाळ असतो, पट्टे फिके असतात. माप मध्यावर किंवा थोडं पुढे घ्या.

प्रत्येक फाइलशेजारी एक छोटी नोंद ठेवा: बोलणाऱ्याचं वय आणि गाव, माइक कोणता, सॅम्पलिंग किती, सीलिंग किती आणि किती फॉर्मंटवर, विंडो किती, आणि कोणते शब्द हातानं वाचले. नाव लिहायची गरज नाही, खूणक्रमांक पुरे. आकडे पुन्हा विचित्र आले की ही नोंद काढा, त्याच सेटिंगवर ‘आ’ आणि ‘ऊ’ उघडा, ठिपके बंद करून पट्टे बघा.